पहिली गॅलरी सगळ्यात शेवटी आखा : भूमिगत कोळसा खाणीचं नियोजन शिकणाऱ्या नव्या मंडळींसाठी

गेल्या पावसाळ्यात आमच्या बेलापूरच्या ऑफिसात एक नवीन मुलगा रुजू झाला. पहिल्याच आठवड्यात त्याने ऑटोकॅडवर एक देखणा आराखडा काढून दाखवला. एकसारखे चौकोनी पिलर (कोळशाचे खांब), सरळसोट गॅलऱ्या (थरात खोदलेले बोगदे), अगदी कॅरमबोर्डासारखी आखीव खाण. मी विचारलं, "यातला शेवटचा पिलर कोण काढणार? आणि तो काढताना माणसं कुठून बाहेर येणार?" तो गप्प. पंधरा वर्षांपूर्वी मलाही कुणीतरी हेच विचारलं होतं आणि मीही असाच गप्प बसलो होतो.

ठाणे-नवी मुंबईत बसून कोळसा खाणीचं नियोजन करणारे आपण तसे थोडेच. कंपन्यांची आणि सल्लागारांची टेबलं इथे, कोळसा मात्र राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला: नागपूर, चंद्रपूर, वणी. ट्रान्स हार्बरच्या गाडीतून पारसिकचा डोंगर रोज दिसतो, पण तो काळा दगड बेसॉल्ट आहे, लाव्हाचा. आपला कोळसा त्याच्याहून कितीतरी जुन्या गोंडवाना खडकांत, बराकर नावाच्या थरांत आहे. इथे राहून कोळशाचा गंध यायचा तो फक्त कागदाला, आणि बहुतेक घोळ तिथूनच सुरू होतो. केंद्र सरकारने भूमिगत खाणींतून २०३० पर्यंत १० कोटी टनांचं लक्ष्य ठेवल्यापासून या टेबलांवर नवी मुलं वाढली आहेत, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

टेबलावर आधी काय हवं

यातलं काही हाताशी नसेल तर माऊसला हात लावू नका.

- भूगर्भीय अहवाल आणि सगळ्या बोअरहोलच्या (तपासणीसाठी जमिनीत मारलेल्या भोकांच्या) नोंदी. नुसता गोषवारा चालत नाही. प्रत्येक भोकात कुठल्या खोलीवर काय लागलं ते हवं.
- थराच्या तळाच्या समोच्च रेषा आणि जाडीचे नकाशे.
- पृष्ठभागाचा नकाशा: गावं, रस्ते, रेल्वे, तलाव, नाले, विजेच्या लाइनी. नदीची आजवरची सर्वांत उंच पूररेषा.
- शेजारच्या आणि बंद पडलेल्या जुन्या खाणींचे प्लॅन. हे मिळवायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, म्हणून पत्र पहिल्याच दिवशी टाका.
- छताच्या खडकाच्या चाचण्या, गॅसचे मोजमाप, कोळसा आपोआप पेटण्याची प्रवृत्ती सांगणारी चाचणी.
- कोळसा खाण विनियम २०१७ ची छापील प्रत. छापीलच. पीडीएफमध्ये शोधून सापडलेलं वाक्य आपण वाचतो, त्याच्या खालचा अपवाद वाचत नाही.

१. आधी खाली उतरून या

संध्याकाळी ठाण्याला विदर्भ एक्स्प्रेसमध्ये बसलात तर सकाळी नागपूर. तिथून पुढे ज्या खाणीची परवानगी मिळेल तिथे, पण चालू भूमिगत खाणीतच जा. ओपनकास्ट, म्हणजे वरून उघडी खोदलेली खाण, बघून काही उपयोग नाही.

हेल्मेट, कॅप लॅम्प, गमबूट आणि कमरेला सेल्फ रेस्क्यूअर (विषारी वायूत श्वास घेता यावा म्हणून असलेलं उपकरण). बिडी, काडेपेटी, लायटर, मोबाइल सगळं वरच ठेवायचं. झडती होते आणि व्हायलाच हवी. एक संपूर्ण शिफ्ट खाली काढा आणि घड्याळ बघत राहा. आठ तासांच्या शिफ्टमध्ये हजेरी, दिवा घेणं, इन्क्लाइन (उतरता बोगदा) उतरणं, फेसपर्यंत (जिथे कोळसा तोडतात तिथपर्यंत) चालणं, छताची तपासणी आणि परतीचा रस्ता वजा केला की हातात काय उरतं ते स्वतः मोजा. मी मोजलं तेव्हा पाच तासही भरले नव्हते. माझ्या पहिल्या आराखड्यात मी साडेसात धरले होते.

मुलींनाही सांगतो, कारण विचारायला संकोच वाटतो. २०१९ पासून तांत्रिक, पर्यवेक्षकीय आणि व्यवस्थापकीय कामासाठी स्त्रियांना सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळेत भूमिगत खाणीत काम करता येतं. "तुम्हाला खाली पाठवता येत नाही" असं कुणी सांगितलं तर त्याला नियम दाखवा.

२. थर वाचायला शिका

दोन बोअरहोलच्या मधे काय आहे ते कुणालाच माहीत नसतं. सॉफ्टवेअर तिथे गुळगुळीत रेष काढून मोकळं होतं. म्हणून मॉडेल उघडण्याआधी चार-सहा छेद हाताने काढा. शेजारशेजारच्या दोन भोकांत थराची पातळी अचानक पंधरा-वीस मीटरनी खाली गेली असेल आणि उतार मात्र तसाच असेल, तर मधे फॉल्ट, म्हणजे खडक तुटून सरकल्याची भेग, असण्याची शंका धरा. फॉल्ट पॅनेलच्या (एकत्र काढायच्या पिलरच्या गटाच्या) मधे येता कामा नये. त्याला पॅनेलची सीमा करा, म्हणजे तिथे ठेवावाच लागणारा कोळसा निदान कामाला येतो.

थर जाड असेल तर आणखी एक निर्णय असतो. गॅलरी उंचीला साधारण ३ मीटरच धरायची, मग ४.५ मीटरच्या थरात ती तळाला चालवायची की वरच्या बाजूला? छत शेलचं (पापुद्र्यांच्या मऊ खडकाचं), पाण्याने सुटणारं असेल तर वर थोडा कोळसा छत म्हणून ठेवणं शहाणपणाचं. पण वर ठेवलेला तो कोळसा पुढे गोफमध्ये, म्हणजे मागे छत कोसळलेल्या भागात, पडतो आणि तापतो. दोन्हीकडून किंमत मोजावी लागते. कुठली परवडेल ते पायरी ६ मध्ये कळेल, म्हणून इथे पेन्सिलनेच लिहा.

३. पाणी

या पायरीवर घाई केलीत तर बाकीच्या बरोबर असूनही उपयोग नाही. २७ डिसेंबर १९७५ ला धनबादजवळच्या चासनाला खाणीत पाणी घुसून ३७५ माणसं गेली. विनियमांतली पाण्याविषयीची कलमं वाचताना मला ती तारीख आठवते.

खाणीचं तोंड सर्वांत उंच पूररेषेच्या वर किमान दीड मीटर हवं. जुन्या, पाणी भरलेल्या कामांच्या ६० मीटरच्या आत शिरायचं तर परवानगी आणि पुढे भोकं मारत जाणं आलं. खरा सापळा असा की जुन्या प्लॅनवरची शेवटची तारीख आणि काम बंद झाल्याची तारीख एक नसते. मधल्या काळात जे खोदलं गेलं ते कागदावर नसतं. तारखांत फरक दिसला तर मधली जागा कोळशाची नसून पाण्याची आहे असं समजून चाला.

सर्वेक्षण किती चोख लागतं याचं दुसऱ्या बाजूचं उदाहरण: नोव्हेंबर १९८९ मध्ये राणीगंजच्या महाबीर खाणीत पाणी शिरलं, तेव्हा अभियंता जसवंत सिंग गिल यांनी वरून भोक मारून पोलादी कॅप्सूलमधून ६५ जणांना बाहेर काढलं. वर मारलेलं भोक खाली नेमक्या जागी उतरायला प्लॅन किती खरा हवा, याचा विचार करा.

माझी स्वतःची चूक पाण्याचीच होती, सुदैवाने माणसांवर बेतली नाही. एका खाणीसाठी मी पॅनेल उताराच्या दिशेने खाली उघडत नेलं. हिशेबात कोळसा लवकर मिळत होता. जुलैत फेसवर गुडघाभर पाणी, आणि पंपासाठी संपची, म्हणजे पाणी साठवायच्या खड्ड्याची, जागाच आखलेली नाही. तिथल्या ओव्हरमनने (खाली कामावर देखरेख करणाऱ्याने) माझ्या नकाशावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "साहेब, पाणी तं खालीच जाते नं जी, वर कुठं जाते?" तेव्हापासून मी आधी सगळ्यात खोल कोपऱ्यात संप काढतो आणि मग बाकीचं.

४. खाण उघडायची कुठून

थर उथळ असेल तर इन्क्लाइन, खोल असेल तर शाफ्ट (विहिरीसारखा उभा रस्ता); याहून जास्त पांडित्य सुरुवातीला नको. दोन बाहेरचे रस्ते हवेतच, एकमेकांपासून वेगळे. एकातून हवा आत, दुसऱ्यातून बाहेर. तोंड फॉल्टपासून, पूररेषेपासून आणि गावापासून लांब, पण रस्त्याच्या जवळ. या चारही अटी एकत्र पुऱ्या करणारी जागा मला अजून भेटलेली नाही.

५. पिलर आणि गॅलरी

आपल्याकडे भूमिगत खाणी मुख्यतः बोर्ड अँड पिलर पद्धतीच्या. थरात आडव्या-उभ्या गॅलऱ्या खोदायच्या, मधे कोळशाचे खांब सोडायचे आणि नंतर परत येताना ते खांब काढायचे. पहिला भाग म्हणजे डेव्हलपमेंट, दुसरा डिपिलरिंग.

पिलरचं माप मनाने ठरत नाही. खोली आणि गॅलरीची रुंदी यावरून विनियमांत कोष्टक आहे. गॅलरी ४.८ मीटर रुंद असेल तर दोन पिलरच्या मध्यांमधलं किमान अंतर असं:

- ६० मीटर खोलीपर्यंत १९.५ मीटर
- ६० ते ९० मीटरला २१ मीटर
- ९० ते १५० मीटरला २५.५ मीटर
- १५० ते २४० मीटरला ३४.५ मीटर
- २४० ते ३६० मीटरला ४५ मीटर
- त्याहून खोल असेल तर ४८ मीटर

आता एक गणित करा. ९० ते १५० मीटरच्या पट्ट्यात पिलरची कोळशाची बाजू २५.५ वजा ४.८ म्हणजे २०.७ मीटर. म्हणजे डेव्हलपमेंटमध्ये हाती येतो फक्त ३४ टक्के कोळसा. १५० मीटरच्या खाली गेलात की २६ टक्के, आणि ३६० च्या खाली १९. उरलेला सगळा पिलरमध्ये उभा. डेव्हलपमेंट सोपं असतं, कोळसा लगेच मिळतो, वरचे साहेब खूश होतात. म्हणून भराभर गॅलऱ्या चालवल्या जातात आणि पिलर काढायची वेळ आली की वर गाव उभं, खाली पाणी, छत खराब. देशात असा पिलरमध्ये अडकलेला कोळसा भरपूर आहे. तो कोळसा आपल्यासारख्याच कुणाच्या तरी टेबलावर अडकला.

६. पॅनेल: इथे वेळ घाला

लेखाचं शीर्षक याच पायरीसाठी आहे. आखणी उलटी करायची. आधी ठरवा की शेवटचा पिलर कुठला निघेल. अर्थातच बाहेरच्या रस्त्याजवळचा. मग त्याआधीचा, त्याआधीचा, असं करत सीमेपर्यंत मागे जा. डिपिलरिंग सीमेकडून बाहेरच्या दिशेने येतं, आपल्या मागे छत कोसळत जातं. त्या कोसळलेल्या भागाला गोफ म्हणतात. माणसं, हवा आणि कोळसा तिघांचाही रस्ता गोफच्या उलट्या बाजूला राहायला हवा, आणि तो रस्ता सांभाळणारे पिलर शेवटपर्यंत हलवायचे नाहीत. हे कागदावर उमटलं की मग पहिली गॅलरी कुठून चालवायची ते आपोआप कळतं.

पॅनेल किती मोठं? इथे कोळशाचा स्वभाव आडवा येतो. गोफमध्ये राहिलेला चुरा हवेशी लागून तापत जातो आणि काही महिन्यांनी पेटतो. त्या कालावधीला इन्क्युबेशन पीरियड म्हणतात. पॅनेल त्या मुदतीच्या आत काढून, बांध घालून बंद व्हायला हवं.

उदाहरण घेऊ. वरचाच पिलर, २०.७ मीटर बाजूचा, ३ मीटर उंच. कोळशाची घनता १.४५ धरली तर एका पिलरमध्ये सुमारे १,८६४ टन. २४ पिलरचं पॅनेल केलं, ७० टक्के कोळसा निघेल असं धरलं, तर ३१,३०० टन. रोज २०० टन निघाले तर १५७ दिवस. महिन्याला कामाचे २५ दिवस म्हणजे सव्वासहा महिने. इन्क्युबेशन पीरियड सहा महिन्यांचा असेल तर हे पॅनेल पेटणार, नकाशा कितीही सुबक असो. २० पिलर केले तर २६,१०० टन, १३० दिवस, पाच महिने आणि थोडे. वर तीनेक आठवडे बांध पुरे करायला मिळतात. म्हणून २०. मी तर १८ करतो, कारण मधे एखादं यंत्र पंधरा दिवस बंद पडल्याशिवाय कुठलंही पॅनेल संपलेलं मी पाहिलं नाही.

दोन गोष्टी आणखी. पॅनेलला जाणारी तोंडं कमीत कमी ठेवा. प्रत्येक तोंडाला एक बांध लागतो आणि हे बांध डिपिलरिंग सुरू होण्यापूर्वीच तयारीत ठेवायचे असतात. आणि दोन थर एकावर एक असतील तर वरचा आधी काढा. खालचा आधी काढला तर वरच्याचं छत-तळ दोन्ही फुटतं.

वर गाव, तलाव किंवा रेल्वे असेल तर छत कोसळू देता येत नाही. मग पोकळीत वाळू भरायची किंवा पिलर सोडून द्यायचे. वाळूचा हिशेब आजच्या भावाने करा. जुन्या अहवालातला भाव उचलू नका.

७. छत

खाणीतल्या हिंदीत छताला चाल म्हणतात, आणि चाल पडण्याआधी बोलते असं जुने कामगार सांगतात. आपल्याला ती बोलण्याआधी ऐकायची असते. त्यासाठी छताला १०० पैकी गुण देतात: थरांच्या जाडीला ३०, भेगांना २५, पाण्याने झिजण्याला २०, ताकदीला १५ आणि भूजलाला १०. त्यावरून रूफ बोल्ट (छतात बसवायचे पोलादी बोल्ट) किती, कुठे ते ठरतं. नवी मंडळी एका बोअरहोलचे गुण पूर्ण खाणीला लावतात. प्रत्येक पॅनेलला वेगळे काढा; चौकात, म्हणजे दोन गॅलऱ्या मिळतात तिथे, आधार जास्त धरा.

८. हवा

नियम सोपा आहे. सर्वांत मोठ्या शिफ्टमधल्या प्रत्येक माणसामागे मिनिटाला ६ घनमीटर, किंवा रोजच्या प्रत्येक टनामागे २.५ घनमीटर, यातलं जे जास्त असेल ते. एका डिस्ट्रिक्टमध्ये (खाणीच्या एका भागात) ६० माणसं आणि रोज ५०० टन असतील तर माणसांसाठी ३६० आणि टनांसाठी १,२५०. म्हणजे १,२५० घनमीटर. ही हवा फेसपाशी पोचायला हवी, पंख्यापाशी नाही. वाटेत दारांतून, बांधांतून बरीच गळते, आणि खाण जितकी लांबत जाते तितकी गळती वाढते. म्हणून व्हेंटसिम या हवेच्या सॉफ्टवेअरवर पहिल्या वर्षाचं चित्र काढून समाधान मानू नका. सगळ्यात लांबचं पॅनेल चालू असेल त्या वर्षाचं काढा. पंखा त्या वर्षासाठी घ्यायचा असतो.

मिथेन परतीच्या हवेत ०.७५ टक्क्याच्या आत हवा, खाणीत कुठेही १.२५ च्या आत. ऑक्सिजन १९ टक्क्यांहून कमी चालत नाही.

९. उत्पादनाचा आकडा

यंत्राच्या माहितीपत्रकातला आकडा खोडून टाका. फेसवरून मोजा. ४.२ मीटर रुंद, ३ मीटर उंच गॅलरीत एका स्फोटाने १.२ मीटर पुढे सरकलात तर सुमारे २२ टन. भोकं मारणं, बार उडवणं, धूर निघून जाणं, छत झटकून आधार देणं, एसडीएलने (कोळसा उचलून भरणाऱ्या यंत्राने) भरणं, मग पुढचा फेस. पाच तासांत असे किती फेस होतात? सहा झाले तर १३२ टन. हा आकडा सांगितला की मीटिंगमध्ये शांतता पसरते, कारण निविदेत दुप्पट लिहिलेलं असतं. कंटिन्युअस मायनर (स्फोटाशिवाय सलग कोळसा कापणारं यंत्र) लावून तो वाढतो हे खरं, पण त्यासाठी थर पुरेसा जाड, उतार कमी आणि मागचा कोळसा वाहणारा बेल्ट दमदार हवा. बेल्ट बंद तर मायनर बंद.

१०. परवानग्या

मायनिंग प्लॅन आणि खाण बंद करण्याची योजना कोळसा मंत्रालयाकडे, पर्यावरण मंजुरी, जंगल असेल तर त्याची वेगळी, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, स्फोटकांचा परवाना आणि सुरक्षेच्या सगळ्या बाबी खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे. डिपिलरिंगची परवानगी वेगळी आणि वेळखाऊ. डेव्हलपमेंट संपत आलं की अर्ज करू असं म्हणणाऱ्यांची यंत्रं नंतर रिकामी बसतात. एकाच पिलरचं माप सगळ्या अर्जांत एकच आहे ना ते तपासा. हसू नका, आमच्याकडे एकदा तीन अर्जांत तीन मापं गेली होती.

हे सगळं झालं की आराखडा मोठ्या कागदावर छापा आणि विदर्भ एक्स्प्रेस पुन्हा पकडा. खाणीतल्या एखाद्या जुन्या ओव्हरमनसमोर किंवा सर्व्हेयरसमोर तो पसरा आणि सांगा, "काका, तिसऱ्या वर्षातल्या दुसऱ्या शिफ्टला तुम्ही इथे आहात. दिवे गेलेत. बोटाने बाहेर या." मधे बोलू नका. त्यांचं बोट जिथे थांबेल तिथे लाल पेन्सिलने खूण करा, आणि खोडून नवीन आखायचं ते तिथेच, त्यांच्यासमोर. बेलापूरला परत आल्यावर ते बोट नेमकं कशासाठी थांबलं होतं ते आठवत नाही.